ऑप्शनला टाकलेला धडा



सुरुवातीला एक छोटी परीक्षा घेऊ. कमला सोहोनी यांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हात वर करावेत. छान, निम्म्याहून अधिक सभागृहाचे हात वर आहेत. आता हात तसेच ठेवा आणि दुसरा प्रश्न ऐका. केंब्रिज विद्यापीठाने या बाईंना डॉक्टरेट दिली ती कशाबद्दल? ज्यांना हे सांगता येईल त्यांनीच हात वर ठेवावेत. (हशा)

हात खाली आले यात तुमचा दोष नाही. गोष्ट सांगणारेच तिथपर्यंत पोहोचत नाहीत. विज्ञानदिनाला आणि महिलादिनाला शाळाशाळांतून भाषणे होतात. त्यांत एक हुशार मुलगी येते, तिला कुणीतरी दारातून परत पाठवतो, ती हटून बसते, शेवटी प्रवेश मिळवते, टाळ्या पडतात, पडदा पडतो. पण दार उघडल्यावर ती आत गेली ना? आत जाऊन तिने काय केले? परीक्षेच्या आदल्या रात्री अवघड धडा ऑप्शनला टाकावा, तसा हा सगळा भाग आपण ऑप्शनला टाकून दिला आहे. अपमान आपल्याला पाठ आहे, काम पाठ नाही. आज तोच धडा काढून बसायचे आहे. थोडे रसायन येईल, बटाटे येतील, वाल येतील, उंदीरही येतील. सांभाळून घ्यावे.

दाराची गोष्ट भराभर सांगून टाकू. कमला भागवत यांचा जन्म 1911 सालचा, इंदूरचा. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर 1933 साली कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीन वर्षे झालेली. मुलगी आहे एवढ्याच कारणावर अर्ज नाकारला गेला. ही मुलगी थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, कारण विचारले, सत्याग्रहाची भाषा केली. रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेचे. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचे. आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडवायचे नाही. ज्यांचे चित्त विचलित होण्याची काळजी होती, त्यांच्यासाठी अर्थातच कोणतीही अट नव्हती.

वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंचे समाधान काही झाले नाही. रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर, पण मनाने कोते, असे त्या म्हातारपणीही सांगत. आता गंमत पाहा. ही गोष्ट आपण दरवर्षी 28 फेब्रुवारीला सांगतो, आणि तो दिवस रामन परिणामाच्या शोधाचा! दोघांनाही एकाच व्यासपीठावर बसवायची ही आपली खास रीत.

झाले, दार संपले. आता आत जाऊ.

बंगलोरला श्रीनिवासय्या नावाच्या मार्गदर्शकांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले, 1936 साली एम.एस्सी. मिळवली आणि त्या केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात गेल्या. तिथे काही काळ डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्या प्रयोगशाळेत. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास करणाऱ्यांना हिल हे नाव वेगळे सांगायला नको. त्या काळी केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्राचे अध्वर्यू होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेले. अशा ठिकाणी या पंचविशीतल्या मुलीने हातात काय घेतले? बटाटा.

श्वास घेणे हे नाकाचे काम, असे आपण समजतो. खरा श्वास पेशीत चालतो. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकत ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात आणि त्या वाटेत जगायला लागणारी ऊर्जा मिळते. घराला आग लागली की विहिरीपासून माणसांची रांग लागते आणि घागरी या हातातून त्या हातात जातात, तसे काहीसे. त्या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी नावाचे, पोटात लोह धरून असलेले लालसर प्रथिन. केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी 1925 साली या सायटोक्रोमांकडे जगाचे लक्ष वेधले होते. कमलाबाईंनी बटाट्याच्या ऊतकावर काम करताना दाखवून दिले, की वनस्पतींच्या पेशींतही हा गडी हजर असतो आणि तिथल्या ऑक्सिडीकरणात भाग घेतो. कांदे-बटाट्यांच्या टोपलीत निपचित पडलेला बटाटा जिवंत असतो, तो श्वास घेतो, आणि तो श्वास आपल्या श्वासाचा चुलतभाऊ आहे. हे सगळे काम त्यांनी चौदा महिन्यांत उरकले. 1939 साली डॉक्टरेट मिळवणारा प्रबंध होता अवघा चाळीस पानांचा. आपल्याकडे जी विद्यापीठे प्रबंध तोलून घेतात, त्यांनी कानावर हात ठेवावेत. (हशा)

विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, असे त्यांच्या नावापुढे लावतात. जानकी अम्मल यांनी त्याआधीच, 1931 साली, मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवलेली होती, हे त्याच दमात सांगितलेले बरे. 'पहिली' या शब्दावर आपण इतके भाळलेलो असतो की दोघींपैकी पहिली कोण यावर वाद घालत बसतो. उसावर काम करणाऱ्या त्या बाई वेगळ्या आणि बटाट्यावर काम करणाऱ्या या वेगळ्या. दोघींना मावेल एवढी जागा आहे.

परत आल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषणविषयक प्रयोगशाळा, आणि 1947 साली माधव सोहोनी यांच्याशी लग्न होऊन मुंबई. मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग. आणि इथे त्यांनी जे केले ते तुमच्या-माझ्या ताटातले आहे.

वालाचे बिरडे इथे कोणाला आवडत नाही? वाल रात्रभर भिजतात, फडक्यात बांधून मोड आणतात, एकेक सोलतात, मऊ शिजवतात. हा एवढा खटाटोप कशासाठी? कच्चे का खात नाहीत? आजी म्हणायची, कच्चे बाधतात. बाधतात म्हणजे काय होते, हे कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने कडधान्यांच्या बाबतीत उलगडायला घेतले. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे एक विकर अन्नातली प्रथिने तोडण्याचे काम करते. काही कडधान्यांत त्या ट्रिप्सिनला कुलूप घालणारे पदार्थ असतात. प्रथिन पोटात जाते पण पचत नाही, म्हणजे खाऊनही उपासच. कमलाबाईंनी वाल आणि डबल बी यांतले हे कुलूप स्फटिकरूपात वेगळे केले. त्यावरचा शोधनिबंध 1955 साली सहकाऱ्याच्या नावासह 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. स्फटिकरूपात वेगळे करणे याचा अर्थ, पदार्थ इतका शुद्ध मिळाला की त्यावर आता बोट ठेवून बोलता येते. शिजवण्याच्या उष्णतेने या कुलपांचा जोर बराच कमी होतो. आजीचे स्वयंपाकघर बरोबरच होते. त्याचे कारण मात्र सापडले मादाम कामा रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत.

मग नीरा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सुचवण्यावरून हे काम सुरू झाले. सूर्य वर यायच्या आत काढलेला ताडा-माडाचा गोड रस म्हणजे नीरा; ऊन चढले की त्याची ताडी होते, आणि ताडीचा विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे. कमलाबाईंनी नीरेतली जीवनसत्त्वे आणि लोह मोजले. रस आटवून ताडगूळ केला तरी त्यातले बरेच टिकते का, हेही पाहिले. कुपोषित मुलामुलींना आणि गरोदर बायांना परवडेल असा पूरक आहार म्हणून त्यांनी त्याकडे पाहिले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या गुणवत्तेबाबत त्या सल्ला देत. त्याच इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालकपद मिळायला मात्र त्यांना चार वर्षे ताटकळावे लागले. तेही दारच, फक्त आतले. पुढे ग्राहक चळवळीत पडल्या. मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या 1982-83 साली अध्यक्ष होत्या आणि तिच्या 'कीमत' या मासिकात लिहीत. भेसळ म्हणजे काय हे ज्या बाईने आयुष्यभर परीक्षानळीत पाहिले, तिने ते किराणा घेणाऱ्या बाईला सांगावे, यात सुसंगती आहे. 1998 साली दिल्लीत आयसीएमआरने त्यांचा सत्कार ठेवला. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

कमलाबाईंवर इतका वेळ घेतला, कारण दुर्गाबाई आपल्याला माहीत आहेत आणि ही बहीण माहीत नाही. इरावती कर्व्यांच्या बाबतीत उलटा प्रकार आहे. इरावतीबाई आपल्याला माहीतच असतात. 'युगान्त' माहीत असते, साहित्य अकादमी माहीत असते, पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी पहिली बाई तर सगळ्यांना माहीत असते. स्कूटर आठवते, कवट्या आठवत नाहीत!

कवट्या बर्लिनच्या. महर्षी कर्व्यांची ही सून 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेली. मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. पुढे नाझींनी त्यांच्या विचारांचा पुरेपूर उपयोग करून घेतला. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतल्या फरकात वंशावंशांचा भेद दिसावा, गोऱ्या युरोपीय माणसाचे वेगळेपण दिसावे, अशी त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. मोजून काय निघाले? या असमानतेचा वंशाशी काही संबंध नाही. गुरूंच्या सिद्धान्ताला आधार न देणारे निष्कर्ष त्यांनी गुरूंनाच सादर केले आणि 1930 साली डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. विचार करा, वय पंचविशीच्या आतबाहेर, परका देश, परकी भाषा, आणि समोर जर्मन प्राध्यापक. जी बाई तिथे आकडे बदलत नाही, ती पुण्यात स्कूटर चालवते यात नवल ते काय? त्या पुढे डेक्कन कॉलेजात आल्या आणि हातातला कॅलिपर घेऊन गावोगाव, जातीजमातींत हिंडल्या. हसमुख सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजच्या उत्खननातही होत्या. 'युगान्त' वाचताना द्रौपदीकडे, गांधारीकडे पाहणारी जी थंड, मोजणारी नजर जाणवते, तिची तालीम बर्लिनला झाली असावी असे वाटते. हे अनुमान आहे, पुरावा मागू नये.

आता दुसऱ्या कमल. नावांत गल्लत होते म्हणून आधीच सांगून ठेवू. या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, पुण्याच्या, 1917 सालच्या. हुजूरपागा, मग फर्ग्युसन. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून 1943 साली एम.एस्सी. केली ती सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांवर. तिथून मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलात डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे कर्करोग. सीताफळापासून कर्करोगापर्यंत ही उडी फार लांबची वाटते, पण पेशीतली गुणसूत्रे पाहायला शिकलेल्या डोळ्यांना ती तशी नाही. उंदरांच्या स्तनांतल्या गाठींचा अभ्यास करून 1949 साली डॉक्टरेट मिळवली. मग फेलोशिपवर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत.

या गे यांच्याच प्रयोगशाळेत 1951 साली शरीराबाहेर अखंड वाढत राहणाऱ्या मानवी पेशी पहिल्यांदा हाती आल्या. हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या. तिला विचारलेसुद्धा नव्हते. विज्ञानातल्या स्त्रियांचा इतिहास लिहिताना तिला कोणत्या रकान्यात घालायचे, हे अजून कोणाला ठरवता आलेले नाही.

कमलताई तिकडून ऊतकसंवर्धनाचे तंत्र शिकून आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातली पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. नुसते 'उभी केली' म्हणून पुढे जाण्यात अन्याय आहे. पेशी काचेत जिवंत ठेवायच्या म्हणजे शरीराच्या तापमानाची ऊब अहोरात्र सांभाळायची. त्यांना खायला रक्तद्रव आणि पोषकद्रव्यांचे मिश्रण बनवायचे. हवेतला एक जंतू आत शिरला की आठवड्यांचे काम वाया. परळच्या दमट हवेत, 1950च्या दशकात. घरात विरजण लावणाऱ्या बायकांना यातला थोडासा त्रास समजेल. इथे मात्र बिघडले तर पुन्हा लावून भागत नाही. कर्करोग आणि शरीरातली संप्रेरके, कर्करोग आणि विषाणू, कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या नात्यावर या प्रयोगशाळेने काम केले. कमलताईंना 1982 साली पद्मभूषण मिळाले.

पण खरी मजेची गोष्ट 1973ची. त्या वर्षी कमलताई आणि त्यांच्या काही सहकारी वैज्ञानिक स्त्रियांनी मिळून इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन काढली. वैज्ञानिकांनी संघटना काढली की काय करतात? परिषदा, निबंध, स्मरणिका. यांनी तेही केले. त्याबरोबर नवी मुंबईत वाशीला पाळणाघर चालवले, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह चालवले. घरी मूल रडत असेल तर काचेतल्या पेशींकडे लक्ष लागत नाही, हे या बायकांना कोणी अहवालातून सांगावे लागले नाही. संस्थेत बाईला घेतले एवढ्याने संस्था बदलत नसते. ती बदलते तेव्हा तिच्या इमारतीत पाळणा येतो, वसतिगृहाच्या खोलीची किल्ली येते. गौरवाच्या भाषणांत पद्मभूषण येते, पाळणाघर येत नाही. निवृत्तीनंतर कमलताई तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात रमल्या.

मुंबईतलीच आणखी एक बाई, बिभा चौधुरी. होमी भाभांनी 1949 साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये त्यांना घेतले. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. त्याआधी दार्जिलिंगच्या डोंगरात छायाचित्रणाच्या पट्ट्या ठेवून देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांतल्या कणांचे माग टिपले होते. महायुद्धात अधिक संवेदनशील पट्ट्या मिळेनात. तीच पद्धत चांगल्या पट्ट्यांवर वापरून पुढे सेसिल पॉवेल यांनी नोबेल मिळवले. 2019 साली एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव देण्यात आले. पट्ट्या वेळेवर मिळाल्या असत्या तर ताऱ्याची गरज पडली नसती.

शेवटी पुण्यात येऊ. शिवाजीनगरचे सिमला ऑफिस कोणाला माहीत नाही? रिक्षावाल्याला हवामान खाते म्हटले तर तो विचारात पडेल, सिमला ऑफिस म्हटले की मीटर टाकेल. त्या पुण्याच्या हवामान खात्यात 1948 साली त्रावणकोरच्या अन्ना मणी रुजू झाल्या. रामन यांच्या बंगलोरच्या प्रयोगशाळेत माणिक आणि हिरे यांच्या वर्णपटांवर काम करून, मग लंडनला हवामानाची उपकरणे शिकून आलेल्या. देश नुकताच स्वतंत्र झालेला आणि हवामानाची बहुतेक उपकरणे परदेशातून येणारी. 1953 साली त्या उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या, हाताखाली 121 पुरुष. सुमारे शंभर उपकरणांची रेखाटने त्यांनी प्रमाणित करून घेतली आणि ती इथे तयार होऊ लागली.

'प्रमाणित करणे' हे शब्द कानाला रुक्ष लागतात. सूर्यप्रकाश मोजायचे यंत्र घ्या. काळा पृष्ठभाग ऊन शोषून तापतो, त्या तापण्यातून अगदी लहानसा विद्युतदाब तयार होतो, तो मोजला की किती ऊन पडले ते कळते. पण पुण्यातल्या यंत्राचा 'एक' आणि कोलकात्याच्या यंत्राचा 'एक' सारखाच आहे, हे कोण पाहणार? ते पाहणे म्हणजे प्रमाणित करणे. चुकीची मोजमापे करण्यापेक्षा न केलेली बरी, असे मणी म्हणत. 1957-58च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशभर सौर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे त्यांनी विणले. ओझोन मोजणारे, फुग्याला बांधून वर सोडायचे उपकरण इथे बनवले. 1976 साली उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या आणि 1980-81मध्ये भारतातल्या सौर किरणोत्सर्गाच्या आकड्यांचे दोन जाडजूड ग्रंथ काढले. आज तुमच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवणारा मुलगा किती युनिट मिळतील ते सांगतो, त्या हिशेबाच्या मुळाशी असले आकडे असतात. निवृत्तीनंतर त्यांनी वारा मोजायला घेतला. साताऱ्याच्या चाळकेवाडीसारख्या पठारांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. अशी एक चक्की उभी करण्याआधी तिथला वारा महिनोन्महिने मोजावा लागतो, तसले हे काम.

विज्ञानातल्या स्त्रिया म्हणून केलेले कौतुक अन्ना मणींना आवडत नसे. बाई असण्याचा आणि कामाचा काय संबंध, असा त्यांचा सवाल असे. आजच्या व्याख्यानाचे निमंत्रण त्यांनी बहुधा परत पाठवले असते.

त्यांनी बंगलोरला केलेल्या कामाचा प्रबंध 1945 साली मद्रास विद्यापीठाकडे गेला. त्यांच्याकडे एम.एस्सी. नाही, म्हणून विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. तो प्रबंध बंगलोरच्या रामन इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात इतरांच्या प्रबंधांच्या रांगेत, त्यांच्यासारख्याच बांधणीत ठेवलेला आहे. पाठीकडून पाहिले तर कोणाला पदवी मिळाली आणि कोणाला नाही, ते ओळखू येत नाही. आत तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट आहेत. एकेक पट्टी पंधरा-पंधरा, वीस-वीस तास उघडी ठेवून मिळवलेले, रात्रीची झोप प्रयोगशाळेतच काढून.